गायरानावर हेक्टरी ११०० झाडं? कर्ब, गवत आणि माळावरचे जीव यांचा हिशेब

रानवाट (धागाकर्ता)

पुरंदर-बारामती पट्ट्यातल्या एका गावाच्या ४० हेक्टर गायरानाचा प्रश्न आहे. पाऊस सरासरी ५०० मिमीच्या आसपास. जमीन बहुतांश मुरमाड, ओढ्याकडे थोडी काळसर. गवत विरळ आणि त्यात कुसळी जास्त, बोर-हिवराची तुरळक झाडं, एका कोपऱ्यात दोनेक हेक्टर वेडी बाभूळ. लांडगा, खोकड, चंडोल दिसतात. हिवाळ्यात मेंढपाळांचे वाडे पडतात.

एका कंपनीच्या सामाजिक निधीतून प्रस्ताव आलाय: हेक्टरी ११०० रोपं, सलग समतल चर (उताराला आडव्या, एका पातळीत खणलेल्या लांब नाल्या), तारेचं कुंपण, तीन वर्षं टँकरनं पाणी. 'हवामान बदल आणि जैवविविधता, दोन्हींवर एकच उपाय' असं वर लिहिलंय. रोपांच्या यादीत गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, बाहेरून आलेलं झाड), सुबाभूळ, करंज, कडुनिंब. ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे. थेट 'नको' म्हटलं तर निधीही जाईल आणि लोकही विचारतील की मग करायचं काय. पर्याय कागदावर मांडायचाय, आकड्यांसकट. जाणकारांनी मदत करावी.

माळटिटवी

आधी मूळ गोष्ट. ही जमीन म्हणजे उजाड झालेलं जंगल, असं प्रस्तावात धरून चाललेत. घाटमाथ्याच्या पूर्वेचा पर्जन्यछायेचा पट्टा हा झाडं विखुरलेला गवताळ प्रदेशच आहे, आणि तो फार जुना आहे. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात कान्होपात्रेची म्हणून जी तरटी दाखवतात ती काटेरी झुडुपी माळाचीच वनस्पती. घनदाट जंगलात तरटी शोधायला जाऊ नका, मिळणार नाही.

तुम्ही लिहिलेत ते सगळे जीव उघड्यावरचे आहेत. चंडोल, धाविक, माळटिटवी जमिनीवर अंडी घालतात आणि दूरवर नजर जाईल अशी जागा निवडतात. चिंकारा धोका लांबून पाहून पळतो. खोकड सपाट जागी बीळ करतं. हेक्टरी ११०० म्हणजे ३ बाय ३ मीटरवर एक झाड. ती जगली तर पाच-सात वर्षांत हे प्राणी निघून जातील, आणि त्यांच्या जागी जंगलातले प्राणी येणार नाहीत, कारण ते जंगलही नसेल. गिरिपुष्पाखाली काय उगवतं ते पुणे-सोलापूर रस्त्यालगतच्या कुठल्याही जुन्या लागवडीत वाकून बघा.

माळढोकाचं उदाहरण जवळचं आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं, मूळ क्षेत्र ८,४९६ चौ. किमी, देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. तरी त्या पक्ष्याला लागणारा सलग गवताळ माळ तुकड्यातुकड्यांनी गेला. शेती, कालवे, विजेच्या तारा आणि वृक्षलागवड, सगळ्यांनी थोडाथोडा घास घेतला.

जून २०२१ मध्ये हवामानावरची आयपीसीसी आणि जैवविविधतेवरची आयपीबीईएस या दोन आंतरराष्ट्रीय मंडळांच्या तज्ज्ञांनी पहिल्यांदा एकत्र बसून अहवाल दिला. त्यात हे स्पष्ट आहे: जिथे मुळात जंगल नव्हतं तिथे झाडं लावणं, विशेषतः परकीय वा एकाच जातीची, जैवविविधतेला मारक आहे आणि हवामानाचा फायदाही भरवशाचा नाही. ग्रामसभेत कुणी 'शास्त्रज्ञ काय म्हणतात' विचारलं तर हे सांगा.

हिशेबनीस

कर्बाचा, म्हणजे कार्बनच्या साठ्याचा हिशेब मी मांडतो. दोन्ही बाजूंना थोडा कडू लागेल.

खड्डे ४५ × ४५ × ४५ सेंमीचे धरले तर एक खड्डा ०.०९ घनमीटर. हेक्टरी ११०० म्हणजे १०० घनमीटर माती उपसली. सलग समतल चर साधारण ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल. पाच मीटरवर एक चर धरा, हेक्टरी २,००० मीटर लांबी, ३६० घनमीटर माती. चर ६० सेंमी आणि त्याच्या मातीचा बांध तेवढाच, म्हणजे दर पाच मीटरमधला १.२ मीटर. जवळपास पाव जमिनीवरचं बहुवर्षायू गवत मुळासकट गेलं. या गवतांचा मोठा हिस्सा जमिनीखाली असतो. माती उलटली की मुळं कुजतात, मातीतला सेंद्रिय कर्ब हवा लागून जळतो आणि खात्याची सुरुवातच वजाबाकीनं होते. ही वजाबाकी कुठल्याच प्रस्तावात नसते.

आता पाणी. रोपाला एका वेळी १० लिटर, तर हेक्टरी ११,००० लिटर, ४० हेक्टरला ४ लाख ४० हजार. दहा हजारी टँकरच्या ४४ खेपा. नोव्हेंबर ते मे पंधरवड्याला एकदा म्हणजे १४ पाळ्या, वर्षाला ६१६ खेपा. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात माणसांना टँकर लागतो तिथलं हे गणित आहे. डिझेलचा धूर वेगळा मोजा.

आता गवताची बाजू. मातीतला कर्ब टन प्रति हेक्टर = कर्बाची टक्केवारी × मातीची घनता × खोली सेंमीत. ओढ्याकडची माती ०.८ टक्के, घनता १.३, खोली ३० धरली तर ३१.२ टन. ठीक. पण मुरमाडावर माती १५ सेंमी आणि त्यात ४० टक्के दगड-खडे असतील तर ०.८ × १.३ × १५ × ०.६ = ९.४ टन. दगड वजा न करता हिशेब करणारे बरेच जण भेटतात. आकडा सरळ फुगतो. म्हणजे 'गवत झाडापेक्षा जास्त कर्ब साठवतं' असं सरसकट वाक्य तुमच्या मुरमाड माळाबद्दल लिहू नका. खरं आणि पुरेसं वाक्य असं: इथला कर्ब थोडा आहे, पण जमिनीखाली आहे, दुष्काळात वाळून किंवा वणव्यात जळून जात नाही. झाडातला कर्ब त्याच दुष्काळावर आणि वणव्यावर अवलंबून आहे.

हिरवाई

हे वाचून हसावं की रडावं कळत नाही. इथे सावलीला झाड नाही, ऊन पंचेचाळीसवर जातं, आणि तुम्ही झाडं नको म्हणताय? झाडांनी पाऊस येतो, पाणी मुरतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. २०१९ ला राज्यात ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट घेतलं ते सगळे अधिकारी अडाणी होते का?

माळटिटवी

हिरवाई, अडाणी कुणीच नव्हतं. उद्दिष्टच 'रोपांची संख्या' असं होतं, आणि संख्या पुरी करायला मोकळी, सरकारी, भांडण नसलेली जमीन लागते. ती माळावर मिळते. पुन्हा देशाची हवामान-प्रतिज्ञा बघा: २०३० पर्यंत २.५ ते ३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका जादा साठा, तो 'वन आणि वृक्षाच्छादना'तून. वनसर्वेक्षणात एक हेक्टरपेक्षा जास्त जमिनीवर झाडांचं छत्र १० टक्क्यांहून अधिक दिसलं की ते वन धरतात, मालकी कुणाचीही असो, झाड कुठलंही असो. म्हणजे कागदावर गिरिपुष्पाची लागवड हे वन आणि शेडा-पवन्या या गवतांचा माळ ही पडीक जमीन. गवताला या वहीत रकानाच नाही.

पाण्याचं म्हणाल तर दाट लागवड स्वतः पाणी पिते. कमी पावसाच्या प्रदेशात तिच्यामुळे ओढ्याचा प्रवाह घटतो, हे जगभर अनेक ठिकाणी मोजलं गेलंय. पाणी मुरायला जमीन झाकलेली लागते, आणि गवताचे ठोंब ते काम चांगलं करतात.

झाडं लावायचीच असतील तर या ४० हेक्टरांत जागा आहेत. ओढ्याच्या दोन्ही काठांनी करंज, जांभूळ, उंबर, सादडा. पाणवठ्याशेजारी आणि मेंढपाळांच्या मुक्कामाच्या जागी सावलीला कडुनिंब, चिंच. उघड्या माळावर बोर, हिवर, बाभूळ, खैर. हेक्टरी पाच ते पंधरापेक्षा जास्त नकोत, आणि तीही रोप आणून लावण्यापेक्षा आपोआप आलेली जगवा. बोरीचं झुडूप आधीच तिथे असतं, शेळ्यांनी खुरटलेलं. भोवती काटेरी फांद्या रचून दोन वर्षं सांभाळलं की वर येतं. मुळं आधीच खोल गेलेली असतात, त्यामुळे टँकर लागत नाही. आणि गिरिपुष्प शेताच्या बांधावर लावा की, हिरवळीच्या खताला उत्तम. माळावर मात्र नको.

तलाठीतात्या

कागदाचं मी सांगतो, ते नीट केलं नाही तर बाकी सगळं वाया.

गायरान ही महसुलाची जमीन, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २२ खाली गुरचरणीसाठी राखलेली. व्यवस्था ग्रामपंचायतीकडे असली तरी प्रयोजन चराईचं आहे. तारेचं कुंपण घालून तीन वर्षं चराई बंद म्हणजे प्रयोजनालाच हात. प्रस्तावात 'चराई बंदीचा काळ आणि पर्यायी चाऱ्याची सोय' हा मुद्दा लेखी मागा. अनेकदा त्याचं उत्तरच नसतं.

हेक्टरी ११०० चा आकडा बहुधा ग्रीन क्रेडिटवाल्या (लागवडीबद्दल विकता येणारे गुण देणाऱ्या) नियमातून उचललाय. फेब्रुवारी २०२४ च्या केंद्राच्या पद्धतीत तो होता. पण ती योजना वनखात्यानं दाखवलेल्या जमिनीवर चालते, तुमच्या गायरानावर ती आपोआप लागू होत नाही. तेव्हा 'सरकारी निकष आहे' असं कुणी म्हणालं तर निकषाचा कागद मागावा.

एक हत्यार विसरलं जातं. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. असते म्हणजे बहुतेक ठिकाणी कपाटात असते. त्यात गायरानाचं पान उघडून गवतांच्या जाती, पक्षी, लांडग्याची-खोकडाची बिळं, चराईच्या वाटा यांची नोंद ग्रामसभेआधी करून घ्या आणि ठरावात तिचा उल्लेख करा. नुसतं 'आमच्याकडे लांडगे आहेत' म्हणण्याला वजन नाही. बिळांची नेमकी ठिकाणं मात्र जाहीर कागदावर लिहू नका, आळीगणिक एक शहाणा धूर घालायला टपलेला असतो.

गवती

आता खरं काम. ४० हेक्टर सगळं नव्यानं पेरायचं नाही. आधी फिरून तीन भाग करा. जिथे शेडा, पवन्या, मारवेल अजून ठोंबाठोंबानं आहे, तिथे काहीही करू नका, दोन पावसाळे चराईला विश्रांती द्या, एवढंच. जुनी मुळं जिवंत असतील तर गवत स्वतः उठतं आणि हे सर्वांत स्वस्त. जिथे नुसती कुसळी आणि उघडा मुरूम, तिथे पेरणी. जिथे वेडी बाभूळ, तिथे आधी ती काढणं.

बी: दसरा ते दिवाळीच्या दरम्यान तयार होतं, जातीप्रमाणे आठ-पंधरा दिवस मागेपुढे. तुरा हातानं ओढला की दाणे सहज सुटले पाहिजेत. हिरवं ओढून काढलेलं बी उगवत नाही. तुमच्याच पट्ट्यातल्या, तेवढ्याच पावसाच्या माळावरून घ्या. एका जागेवरचं निम्म्याहून जास्त काढू नका. सावलीत पसरून वाळवा, सुती पोत्यात भरा, प्लास्टिकच्या पिशवीत भरलं तर घाम धरून बुरशी येते. ताजं बी लगेच पेरू नका, काही महिने ते झोपलेलं असतं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवलेलं बरं.

पेरण्याआधी तपासा. गवताच्या बियांत पोकळ फोलपटं खूप. १०० दाणे ओल्या गोणपाटावर ठेवून दोन आठवडे बघा. चाळीसेक उगवले तर हेक्टरी ४ ते ६ किलो पुरे. वीसच उगवले तर दुप्पट धरा. ही तपासणी न करता पेरतात आणि मग 'जमीनच खराब' म्हणतात.

पेरणी: कुसं एकमेकांत अडकतात, बी गुठळ्यांनी पडतं. म्हणून बारीक चाळलेली माती, शेण आणि वाळू यांत कालवून लहान गोळ्या करा, हरभऱ्याएवढ्या. मोठा लाडू करू नका, एका जागी वीस रोपं येऊन सगळी मरतात. नांगरट नाही. दगडी जमिनीवर दाताळ्यानं वरचं कवच खरवडायचं आणि गोळ्या टाकून पायानं दाबायचं. एक सेंटीमीटरपेक्षा खोल गेलं तर वर येत नाही, निम्मी अपयशं इथली आहेत.

वेळ: मृगाच्या पहिल्या सरीला भुलू नये. पर्जन्यछायेत जूनमध्ये एक जोरदार सर येते आणि मग पंधरा-वीस दिवस ताण. उगवलेलं तेवढ्यात करपतं. जमीन वीतभर ओली झाली आणि पुढे पावसाचं चिन्ह असलं की पेरा, बहुधा जुलैत. पाऊस लागण्याआधी कोरड्यात टाकलं तर मुंग्या वाहून नेतात.

खात्रीचा पण महाग मार्ग ठोंबांचा. जुन्या मारवेलचा बुंधा फोडून दोन-तीन फुटव्यांचे तुकडे, वरचा पाला १५ सेंमीवर छाटून, भर पावसात लावायचे. १ बाय १ मीटरवर हेक्टरी १०,००० लागतात. सगळीकडे परवडत नाही, म्हणून ओघळींच्या तोंडाशी आणि ओढ्याकडच्या मातीत लावा. तिथून बी आपोआप पसरतं.

रानवाट (धागाकर्ता)

गवतीताई, राहुरीच्या विद्यापीठाचे मारवेलचे सुधारित वाण आणि स्टायलो (चाऱ्याची शेंगवर्गीय वनस्पती) टाकावं असं एका कृषी सहायकांनी सुचवलंय. चालेल?

गवती

मारवेलचे वाण चाऱ्याला छानच. पण ते बांधावर, घरच्या चाऱ्याच्या तुकड्यात. माळावर एकाच वाणाची गादी करायची नाही, तिथे दहा-बारा जाती मिसळलेल्या असतात, कुणी लवकर येतं कुणी उशिरा, म्हणून दुष्काळातही काहीतरी टिकतं. स्टायलो बाहेरची आहे, एकदा बसली की काढणं अवघड. शेंगवर्गीय हवंच असेल तर माळावर गवतात आपोआप येणाऱ्या रानटी जातींचं बी गवताबरोबरच गोळा होतं, ते वेगळं करू नका. गंमत म्हणजे आपलं अंजन गवत ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत नेलं तर तिथे ते डोकेदुखी झालंय. गवताचंही घर असतं.

कोयता

वेड्या बाभळीचं. वरून तोडली की दुप्पट फुटते. फुटणारे डोळे खोड-मुळाच्या सांध्यावर, जमिनीच्या थोडं खाली असतात. म्हणून भोवतीची माती काढून २०-३० सेंमी खाली मूळ तोडायचं. जेसीबी लावला तर काम लवकर होतं पण माती उलटते, त्यामुळे दोन हेक्टरांपैकी जाड खोडांपुरताच वापरा, बाकी कुदळ. शेंगा पिकण्याआधी काढा. जनावरं शेंगा खातात आणि शेणातून बी पेरत जातात, गोड लागतात ना. तोडणी एप्रिलपूर्वी, आणि पुढचे तीन पावसाळे ऑगस्टमध्ये एकदा फिरून कोवळी रोपं ओल्या मातीतून उपटणं. हे तिसरं वर्ष सगळे विसरतात आणि पाचव्या वर्षी पुन्हा रान.

काढल्यावर जागा मोकळी ठेवली तर गाजरगवत येणारच. त्याच पावसाळ्यात तिथे गवताच्या गोळ्या दुप्पट दरानं. आणि सगळी एकदम काढू नका. लांडगे-तरस अशा झुडपांचा आडोसा घेतात, बिळं असतील तो तुकडा शेवटी.

चराईदार

चराई बंद करून माळ वाचत नाही, जुनं गवत साचून वणव्याला आमंत्रण मिळतं. चराई बांधून द्यायची. ४० हेक्टरचे चार तुकडे करा, दरवर्षी एकाला पूर्ण विश्रांती. राहिले ३०. सुरुवातीला हेक्टरी दीड टन वाळलं गवत धरा, ४५ टन. त्यातलं निम्मंच घ्यायचं, २२.५ टन. तीनशे किलोची गाय दिवसाला साडेसात किलो वाळलं खाते, म्हणजे ३,००० गाय-दिवस, म्हणजे २५ गायी चार महिने. मेंढी दिवसाला किलोच्या आत, तेव्हा २५ गायींऐवजी साधारण २०० मेंढ्या. गावात याच्या दुप्पट जनावरं असतील तर ते आधी ग्रामसभेत बोला, नाहीतर कुंपण पहिल्या उन्हाळ्यात कापलं जाईल.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर पेरलेल्या भागात कुणीच नाही. कापणी बी पडल्यावर, दिवाळीनंतर. बुडापासून दहा सेंमी सोडून कापा, जमिनीलगत कापलं तर ठोंब उन्हानं मरतो. एक तुकडा कापायचाच नाही, पक्ष्यांना आणि सशांना. माळाच्या कडेनं जाळरेषा (वणवा अडवायला गवत जाळून मोकळा केलेला पट्टा) काढा, पण सगळा माळ दरवर्षी पेटवण्याची जी चाल आहे ती मोडा. दरसाल जाळलं की शेडा-पवन्या हटतात आणि कुसळी राज्य करते, कारण तिचं बी कुसासकट जमिनीत घुसून आगीपासून वाचतं.

आणि धनगरांना बैठकीला बोलवा. त्यांच्या वाटा आणि मुक्काम ठरलेले असतात. त्यांना वगळून केलेली कोणतीही योजना कागदावरच राहते. लांडगाही त्यांच्या मेंढ्यांवर जगतो. मेंढी मारली तर भरपाईचा अर्ज कसा करायचा, पंचनाम्याला कुणाला बोलवायचं, हे पंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवा.

हिरवाई

आणि त्या गायींचा मिथेन? हवामानाची काळजी आहे ना?

हिशेबनीस

रास्त प्रश्न. एक देशी गाय वर्षाला साधारण ४०-५० किलो मिथेन सोडते, शंभर वर्षांच्या तुलनेत तो सव्वा टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. पण ही जनावरं गायरान बंद झालं म्हणून विरघळत नाहीत. ती दुसऱ्याच्या माळावर जातात किंवा त्यांच्यासाठी विकतचा चारा येतो. नवी जनावरं वाढवली नाहीत तर खात्यात नवा मिथेन नाही. म्हणून ठरावात जनावरांची कमाल संख्या लिहा. ही अट हवामानासाठीही आहे आणि गवतासाठीही.

सौरभूमी

एक वेगळं विघ्न. झाडांचा प्रस्ताव परतवलात तर 'पडीक' म्हणून सौर प्रकल्पाला जाईल. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत वीज उपकेंद्राजवळची सरकारी जमीन शोधतात आणि गायरानं त्यात येतात. सौर ऊर्जेला विरोध करू नका, दिवसा शेतीपंपाला वीज ही मोठी गोष्ट आहे. जागा सुचवा: मेगावॉटला चार-पाच एकर लागते, ती आधीच नांगरलेल्या नापीक तुकड्यात, बंद खाणीच्या जागेत, शाळा-गोदामांच्या छपरावर काही प्रमाणात निघते. गायरानावर आलाच तर अटी घाला. जमीन सपाट करायची नाही, तणनाशक नाही, पॅनलची खालची कड मेंढी चरेल इतकी उंच, कुंपणाच्या तळाशी वीतभर फट म्हणजे खोकड-ससा जाईल, तारा जमिनीखालून.

पवनचक्क्यांबद्दलही भाबडं राहू नये. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या होत्या तिथे शिकारी पक्षी जवळपास चौपटीनं कमी, आणि ते कमी झाल्यामुळे तिथले पंखेदार गळ्याचे सरडे वाढले, त्यांचं वागणंही बदललं. स्वच्छ विजेनंही माळाची साखळी हलते. म्हणून जागा निवडणं हाच अर्धा निर्णय.

रानवाट (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. कंपनीपुढे ठेवायला मसुदा असा करतोय: ३० हेक्टर गवताची सुधारणा, त्यातल्या १२ वर पेरणी, २ हेक्टर वेडी बाभूळ टप्प्यानं काढणं, तीन वर्षांची मजुरी धरून, ओढ्याच्या काठानं ४०० झाडं, माळावर आपोआप आलेली ३०० झाडं जगवणं, उरलेला भाग आहे तसा. टँकर आणि चरांचा पैसा बी गोळा करणाऱ्या बायकांच्या मजुरीला आणि दोन राखणदारांना. कंपनीला 'किती झाडं' ऐवजी दुसरा आकडा द्यावा लागेल, नाहीतर त्यांचा वार्षिक अहवाल अडतो. काय मोजावं?

माळटिटवी

चार गोष्टी, दरवर्षी ऑक्टोबरात. खुणेचे दगड पुरून चार ठरलेल्या जागांवरून एकाच दिशेचा फोटो. १ बाय १ मीटरच्या वीस चौकटी, प्रत्येकीत बहुवर्षायू गवताचे ठोंब, जातींची संख्या, उघड्या जमिनीचा अंदाज. ठरलेल्या वाटेनं सकाळी चालत पक्ष्यांची मोजणी, उघड्यावरचे पक्षी वेगळ्या रकान्यात. आणि एका चौकटीतलं गवत कापून, वाळवून वजन. कंपनीला हेच आवडेल, आलेख निघतो. शेजारी काहीच न केलेला एक तुकडा तुलनेला ठेवा, नाहीतर चांगल्या पावसाचं श्रेय तुम्हाला मिळेल आणि वाईट पावसाचा दोषही. एकदा इंदापूरच्या कडबनवाडीचा माळही कंपनीवाल्यांना दाखवून आणा, वनखात्याची गवताळ सफारी आहे तिथे. पडीक म्हणण्याआधी माणूस जरा थांबतो.

हिशेबनीस

मातीचा कर्ब सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनी एकदा, मध्ये नको. फरक इतका हळू होतो की दरवर्षी मोजलं तर प्रयोगशाळेची चूकच मोजली जाईल. ० ते १५ आणि खोल मातीत १५ ते ३० सेंमी असे वेगळे नमुने. काळ्या मातीत चुनखडी असते, म्हणून प्रयोगशाळेला 'सेंद्रिय कर्ब' असं स्पष्ट सांगा, एकूण कर्ब मागितला तर चुन्याचाही धरतील.

रानवाट (धागाकर्ता)

घनतेसाठी लोखंडी कडं ठोकायला सांगतात. मुरमात ते जातच नाही, वाकतं.

हिशेबनीस

मुरमात कडं वापरूच नका. साधारण १५ × १५ × १५ सेंमीचा खड्डा काळजीपूर्वक खणा, निघालेली सगळी माती-दगड एका पिशवीत. खड्ड्यात पातळ प्लास्टिक नीट चिकटवून बसवा आणि मापानं पाणी ओतत जमिनीच्या पातळीपर्यंत भरा. जेवढं पाणी लागलं तेवढं आकारमान, साडेतीन लिटरच्या आसपास येईल. मग माती वाळवून २ मिमीच्या चाळणीतून चाळा. चाळणीवर उरलेल्या दगडांचं आकारमान भरलेल्या बादलीत बुडवून सांडलेल्या पाण्यावरून काढा आणि खड्ड्याच्या आकारमानातून वजा करा. चाळणीखाली पडलेल्या मातीचं वजन भागिले उरलेलं आकारमान, ही घनता. खड्ड्याच्या आकारमानातला दगडांचा वाटा वेगळा लिहून ठेवा, तो १ मधून वजा करून उरतं ते वर दिलेल्या हिशेबात ०.६ च्या जागी येतं. प्लास्टिकला सुरकुती राहिली तर पाणी कमी मावतं आणि घनता खोटी वाढते, तेव्हा प्रत्येक खड्डा दोनदा भरून बघा.